एडीएचडीची प्राथमिक चाचणी, लक्षणांची तीव्रता आणि रोजच्या जगण्यावरचा परिणाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एडीएचडीबद्दल (लक्ष न टिकणं, अतिचंचलता आणि उतावळेपणा यांचा लहानपणापासूनचा विकार) सातारा आणि सांगली जिल्ह्यांतले पालक, शिक्षक आणि स्वतःबद्दल शंका असलेली मोठी माणसं जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. यातलं काही वाचून कुणी औषध सुरू करू नये आणि चालू असलेलं बंदही करू नये.

१. एडीएचडीसाठी रक्त तपासतात का? डोक्याच्या स्कॅनमध्ये दिसतो का?

नाही, दोन्ही नाही. निदान होतं ते माहितीवरून: लहानपणापासूनचा वागण्याचा इतिहास, घर आणि शाळा (किंवा कामाची जागा) अशा किमान दोन ठिकाणची निरीक्षणं, प्रश्नावल्या आणि डॉक्टरांची प्रत्यक्ष भेट. रक्त, कान, डोळे तपासतात ते दुसरं कारण नाही ना हे पाहायला (प्रश्न १३). संगणकावर लक्ष मोजायच्या चाचण्या असतात, ठरावीक अक्षर दिसलं की बटण दाबायचं अशा. त्यांचा थोडा उपयोग होतो, पण त्या एकट्यावर निदान करू नये. नवी खोली, समोर नवखा माणूस आणि वीस मिनिटांचं काम असलं की एरवी घर डोक्यावर घेणारं मूलही शहाण्यासारखं बसतं.

२. चंचल तर सगळीच पोरं असतात. मग रेघ ओढायची कुठे?

जगभर वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-५ या २०१३ च्या निकषांत १८ लक्षणं आहेत. ९ लक्ष न टिकण्याची: अर्धवट कामं, वस्तू हरवणं, विसरणं, समोर बोललेलं ऐकूच न येणं. उरलेली ९ अतिचंचलता आणि उतावळेपणाची: जागेवरून उठणं, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देणं, पाळी येईपर्यंत थांबता न येणं. दोन्हींपैकी एका गटातली किमान ६ लक्षणं हवीत, वय १७ किंवा पुढे असेल तर ५.

एवढ्यावर भागत नाही. लक्षणं किमान ६ महिने हवीत, त्यांतली काही १२ वर्षांच्या आधीपासून हवीत, दोन किंवा अधिक ठिकाणी दिसायला हवीत, वयाच्या मानाने जास्त हवीत आणि त्यांनी कामात, अभ्यासात किंवा नात्यांत खरोखर अडथळा आणलेला हवा. दुसऱ्या आजाराने त्यांचा उलगडा होत असेल तर तो एडीएचडी धरायचा नाही. लोक पहिल्या आकड्याशी थांबतात आणि अडथळ्याची अट विसरतात. सर्वात जास्त घोळ तिथेच होतो.

३. कोणत्या वयाला कोणती प्रश्नावली?

६ ते १२ वर्षांसाठी व्हँडरबिल्ट फॉर्म बराच चालतो. पालकांचा ५५ प्रश्नांचा, शिक्षकांचा ४३ प्रश्नांचा. स्नॅप-४ हा २६ प्रश्नांचा, त्यातले पहिले १८ एडीएचडीचे आणि पुढचे ८ हट्टी-विरोधी वागण्याचे. भारतात तयार झालेलं इन्क्लेन या संशोधन संस्थेचं साधन ६ ते ९ वर्षांच्या मुलांसाठी आहे, पण ते प्रशिक्षित व्यक्तीने विचारून भरायचं असतं, घरी नेऊन भरायचं नाही. १८ च्या पुढच्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची एएसआरएस यादी आहे.

हे फॉर्म लक्षणं मोजतात. रोजच्या जगण्यावरचा परिणाम मोजायला वाइस यांची वेगळी प्रश्नावली आहे, तिच्याबद्दल प्रश्न ८ मध्ये.

४. मोठ्यांची सहा प्रश्नांची यादी नेटवर सापडली. गुण कसे मोजायचे?

एएसआरएसमध्ये एकूण १८ प्रश्न आहेत. पहिले ६, म्हणजे भाग अ, प्राथमिक चाळणीसाठी. मागच्या ६ महिन्यांचा विचार करून 'कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बरेचदा, फारच वेळा' यांतून एक निवडायचं असतं. इथे बेरीज नाही, खुणा मोजायच्या:

पहिल्या तीन प्रश्नांत (कामाचा शेवटचा टप्पा पुरा करणं, नीट मांडणी लागणारं काम करणं, ठरलेल्या भेटी-जबाबदाऱ्या लक्षात ठेवणं) 'कधीकधी' पासून पुढचं उत्तर आलं की एक खूण. पुढच्या तीन प्रश्नांत (डोकं लागणारं काम टाळणं, बसल्या जागी हातपाय हलवणं, यंत्र लावल्यासारखं धावत राहणं) 'बरेचदा' पासून पुढचं आलं तरच खूण. सहापैकी ४ किंवा जास्त खुणा झाल्या तर पुढची सविस्तर तपासणी करावी.

दोन चुका नेहमी होतात. एक, सहाही प्रश्नांना तोच उंबरठा लावला जातो. दोन, लोक मागचा एकच वाईट आठवडा डोळ्यांपुढे ठेवून भरतात. फॉर्म भरायच्या आधी सहा महिन्यांत काय काय घडलं ते कॅलेंडरवर बघून घ्या, उत्तरं बदलतात. भाग ब मधल्या १२ प्रश्नांनी चाळणीचा निकाल बदलत नाही, पण डॉक्टरांना ते उपयोगी पडतात, म्हणून तेही भरून न्या.

५. व्हँडरबिल्ट फॉर्मवर मुलाचे एकूण ४१ गुण आले. हे जास्त आहेत का?

एकूण बेरजेला या फॉर्मवर अर्थ नाही. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण असतात. २ किंवा ३ आले तर ते लक्षण 'आहे' असं धरायचं. प्रश्न १ ते ९ मध्ये अशी ६ किंवा जास्त आली तर लक्ष न टिकण्याचा गट भरला. १० ते १८ मध्ये ६ आली तर अतिचंचलतेचा. दोन्ही भरले तर मिश्र.

फॉर्मच्या शेवटी वाचन, लेखन, गणित, भावंडं, मित्र, सामूहिक खेळ यांबद्दलचे प्रश्न असतात. तिथे १ म्हणजे उत्तम आणि ५ म्हणजे मोठी अडचण. मोजणीची दिशा उलटी होते, त्यामुळे घाईत भरणारे पालक इथे हमखास चुकतात. या भागात किमान एका ठिकाणी ४ किंवा ५ असल्याशिवाय वरची लक्षणं भरूनही फॉर्म 'पॉझिटिव्ह' होत नाही. मधले प्रश्न हट्टीपणा, गंभीर गैरवर्तन, चिंता आणि उदासी यांचे आहेत. ते गाळू नका, पुष्कळदा खरं उत्तर तिथेच असतं.

६. सौम्य, मध्यम, तीव्र हे कोण ठरवतं?

दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत आणि त्यांची सरमिसळ होते.

स्नॅप-४ वर एका गटातल्या ९ प्रश्नांची बेरीज ० ते २७ पर्यंत जाते. रूढ वाटणी अशी: १३ च्या खाली दखलपात्र नाही, १३ ते १७ सौम्य, १८ ते २२ मध्यम, २३ ते २७ तीव्र. ही लक्षणांची तीव्रता झाली.

डॉक्टर निदानासोबत जी तीव्रता लिहितात ती डीएसएमची. तिच्यात लक्षणं निदानाला लागतात त्यापेक्षा किती जास्त आहेत हे बघतात, तसंच जगण्यात किती अडथळा आहे हेही बघतात. म्हणून स्नॅपवर 'मध्यम' असलेल्या मुलाच्या कागदावर 'तीव्र' लिहिलेलं असू शकतं. शाळा कायमची सुटायची वेळ आली असेल, रस्त्यावर दोनदा अपघात झाला असेल, तर २० गुणांचं मूलही तीव्रच. डॉक्टर चुकले असं समजू नका, विचारा.

७. चाचणी पॉझिटिव्ह आली. म्हणजे एडीएचडी आहेच ना?

चाचणी चाळणीसारखी असते: बारीक ठेवली की खडे अडकतात, पण चांगले दाणेही अडकतात.

हिशोब करून बघा. जगभरात साधारण १०० मुलांमागे ५ जणांना एडीएचडी असतो. समजा एका तालुक्यातल्या १,००० मुलांवर अशी चाचणी केली जी खरी मुलं १०० पैकी ९० वेळा पकडते आणि नसलेल्यांना १०० पैकी ९० वेळा बरोबर सोडते. ५० खऱ्या मुलांपैकी ४५ सापडतील. उरलेल्या ९५० पैकी ९५ जण उगाच अडकतील. म्हणजे १४० मुलं पॉझिटिव्ह आणि त्यांत खरी ४५, तिनातलं एक. एवढी चांगली चाचणी धरूनही हे चित्र.

म्हणून एखाद्या शाळेने शिबिर घेऊन पालकांच्या हाती सरसकट 'तुमच्या मुलाला एडीएचडी आहे' अशी चिठ्ठी देणं चूक आहे. चिठ्ठीवर 'पुढे तपासून घ्या' एवढंच यावं. उलट, मुळात त्रास जाणवून दवाखान्यात आलेल्या मुलाच्या बाबतीत त्याच पॉझिटिव्ह निकालाचं वजन बरंच वाढतं.

८. 'रोजच्या जगण्यावर परिणाम' म्हणजे नक्की काय लिहायचं? डॉक्टर विचारतात तेव्हा 'खूप त्रास देतो' एवढंच सुचतं.

'खूप त्रास देतो' यातून डॉक्टरांना काही मोजता येत नाही. वाइस यांच्या प्रश्नावलीच्या पालक-फॉर्ममध्ये ५० प्रश्न सहा भागांत आहेत: कुटुंब, शाळा, रोजची कामं, स्वतःबद्दलची भावना, मित्रमंडळी, धोक्याची कृत्यं. प्रत्येकाला ० ते ३ गुण. एखाद्या भागात एका जरी प्रश्नाला ३ आले, किंवा दोन प्रश्नांना २ आले, तर त्या भागात अडथळा आहे असं धरण्याची रीत आहे. एकूण गुणांपेक्षा कोणता भाग पेटलाय हे कळणं महत्त्वाचं, कारण उपचार तिथून सुरू होतात.

फॉर्म मिळाला नाही तरी अडत नाही. साधी शंभर पानी वही घ्या आणि १४ दिवस लिहा. चार रकाने पुरतात: काय करायचं होतं, काय झालं, किती वेळ-पैसा-भांडण खर्च झालं, आणि शेवटी कोणी सावरलं. नमुना असा:

मंगळवार. गणिताची ५ उदाहरणं. चार वेळा हाक मारून बसवलं, ७० मिनिटं लागली, आई शेजारी बसून होती, दोन अर्धवट.
बुधवार. डबा व्हॅनमध्ये विसरला, या महिन्यात तिसऱ्यांदा. आजोबा सायकलवर शाळेत दुसरा डबा घेऊन गेले.
रविवार. चुलतभावांबरोबर क्रिकेट. बाद झाल्यावर बॅट फेकली, खेळ मोडला. संध्याकाळी कुणी बोलवायला आलं नाही.

चौथा रकाना कधीही रिकामा सोडू नका. मूल किती करू शकतं आणि घर त्याच्यासाठी किती करतं, यातला फरक त्या रकान्यातच दिसतो (प्रश्न १० त्यावरच आहे). चांगले दिवसही लिहा आणि त्या दिवशी वेगळं काय होतं तेही: लवकर झोपला होता, घरात पाहुणे नव्हते, सर मैदानावर घेऊन गेले होते. यात्रा, लग्न, ताप, घटक चाचणी असे दिवस आले तर वगळू नका, बाजूला खूण करा.

विशेषणं टाळा. 'आळशी', 'वांड', 'मुद्दाम करतो' हे निष्कर्ष झाले. मिनिटं, वेळा आणि रुपये लिहा.

९. मी ३८ वर्षांचा आहे, बागायत शेती करतो. मोठ्या माणसात परिणाम कसा ओळखायचा?

परीक्षा संपल्या की परिणाम व्यवहारात दिसायला लागतो. द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस उघडला की डाउनी या बुरशीची फवारणी लगेच व्हावी लागते. औषध आणलंय, टाकी भरलीय, पण मध्येच ठिबकची गळती दिसली म्हणून तिकडे गेले, तिथून पाइप आणायला तासगावला, आणि फवारणी राहिली. असं एकदा कुणाचंही होतं. दर हंगामात होत असेल आणि बागेला दर वेळी फटका बसत असेल तर ते लिहिण्याजोगं. पैसे हातात असून सोसायटीच्या परतफेडीची तारीख हुकणं आणि व्याजाची सवलत जाणं, दुकानाची उधारी वहीत न चढवणं, एकाच बैठकीत उतावळेपणाने जुना ट्रॅक्टर घेऊन टाकणं, गाडी चालवताना लक्ष भरकटून पुन्हा पुन्हा धडकणं, बायकोने एकच गोष्ट पाच वेळा सांगितल्यावर रोज उडणारे खटके, हे सगळं परिणामातच येतं.

घरकाम करणाऱ्या बाईच्या बाबतीत हे आणखी झाकलेलं राहतं. दूध उतू जाणं, बचत गटाचा हप्ता विसरणं, तीन कामं एकदम काढून एकही पुरं न होणं यावर 'वेंधळी' असा शिक्का बसतो आणि विषय संपतो. तिला पगार नसल्यामुळे नुकसान रुपयांत दिसत नाही, म्हणून ते वेळात आणि बोलणी खाण्यात मोजावं लागतं.

तीन गोष्टी तपासा: हे शाळेत असल्यापासून आहे का, घर-शेत-बँक अशा एकाहून जास्त ठिकाणी आहे का, आणि दरवर्षी त्याची किंमत मोजावी लागते का. कारखान्याच्या गळीत हंगामात किंवा एमआयडीसीत रात्रपाळी करत असाल तर फॉर्म पाळी बदलून झोप सुरळीत झाल्यावर भरा. अर्धवट झोपेचा माणूस एएसआरएसवर सहज पॉझिटिव्ह येतो.

१०. गुण जास्त, पण मुलगा वर्गात पहिला येतो. आणि शेजारच्याचे गुण कमी, तरी त्याचे हाल. हे कसं?

पहिल्या मुलामागे बहुधा कुणीतरी उभं असतं. आई रोज दप्तर भरते, बाबा प्रश्न वाचून दाखवतात, शिकवणीचे सर तासभर शेजारी बसवतात. अशा मुलाचा निकाल त्याच्या एकट्याचा नसतो. आधार थोडा, आणि सुरक्षितपणे, काढून बघा: आठवडाभर दप्तर त्यालाच भरू द्या, फक्त एकदा आठवण करा. पाचवीत दिसला नाही तो त्रास सातारा सैनिक स्कूलच्या किंवा नवोदयच्या वसतिगृहात गेल्यावर पहिल्या सत्रातच दिसतो, कारण आधार घरी राहिलेला असतो.

पण खरंच कुणाच्याही आधाराशिवाय सगळं नीट चाललं असेल, मित्र असतील, मूल खूश असेल, तर गुण कितीही असोत, निदानाची अट पुरी होत नाही. वर्षभराने पुन्हा बघायचं.

दुसऱ्या प्रकारात तीन शक्यता. फॉर्म भरणाऱ्याला ते वागणं 'नेहमीचंच' वाटतं, अनेकदा भरणारे वडील स्वतः तसेच असतात (एडीएचडी घराण्यात चालतो, आनुवंशिकतेचा वाटा साधारण ७० ते ८० टक्के). किंवा लक्षणं थोडी पण परिस्थिती कठीण: द्विशिक्षकी शाळा, एका खोलीत दोन-तीन वर्ग. किंवा मूळ अडचण एडीएचडी नसून वाचनाची वगैरे आहे, त्यासाठी प्रश्न १३.

११. घरच्या फॉर्मवर काही नाही आणि बाईंच्या फॉर्मवर सगळं भरलंय. खरं कोणाचं?

दोघांचंही असू शकतं. शाळेत पन्नास मिनिटं बसायचं असतं, घरी कुणी बसवत नाही. नुसतं शाळेत दिसत असेल तर अभ्यासातली विशिष्ट अडचण, कमी ऐकू येणं, वर्गातली छळवणूक आधी तपासा. नुसतं घरी दिसत असेल तर घरातले ताण, झोप, मोबाइलचे नियम. दोन्ही फॉर्मची सरासरी काढायची नसते. दोघांना एकत्र बसवून एकाच प्रसंगाबद्दल विचारलं की बराच उलगडा होतो.

१२. शिक्षकांना फॉर्म कधी द्यावा?

शाळा जूनच्या मध्याला सुरू होते. जुलैत दिलेल्या फॉर्मवर नव्या वर्गशिक्षकांचा अंदाज असतो, माहिती नसते. दिवाळीनंतर द्या. घाई असेल तर मागच्या वर्षीच्या शिक्षकांकडून भरून घ्या, बदली झाली असली तरी फोनवर सांगतात. माध्यमिक शाळेत किमान दोन विषयांच्या शिक्षकांचे फॉर्म हवेत, एक गणित किंवा भाषा, आणि दुसरे शक्यतो खेळाचे. फॉर्म बंद पाकिटात द्या आणि 'हे मुलाविरुद्ध वापरलं जाणार नाही' हे तोंडी सांगा. नाहीतर भिडेपोटी सगळीकडे शून्य येतं.

१३. एडीएचडीसारखं दिसणारं दुसरं काय असतं? आधी कोणत्या तपासण्या करू?

क्रम सोप्याकडून कठीणाकडे ठेवा.

आधी कान आणि डोळे. सतत सर्दी असलेल्या मुलाच्या कानात पाणी साठलेलं असतं आणि तक्रार येते 'हाक मारली तरी लक्ष नाही'. मग झोप: ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास, पुढे किशोरवयात ८ ते १० तास. तोंड उघडं ठेवून घोरणाऱ्या मुलाच्या नाकामागच्या गाठी वाढलेल्या असू शकतात, झोप मोडते आणि दिवसा मूल सुस्त होण्याऐवजी उलट चेकाळतं. मग हिमोग्लोबिन, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन आणि डॉक्टरांना गरज वाटली तर थायरॉइड.

काही सेकंद टक लावून थिजतं, हाक ऐकत नाही आणि लगेच काही झालंच नाही असं वागतं, तर तो अपस्माराचा एक प्रकार असू शकतो. अशा वेळी मोबाइलवर चित्रण करून ठेवा आणि ईईजीबद्दल (मेंदूच्या विद्युत लहरींची तपासणी) विचारा.

त्यानंतर वाचन-लेखन-गणितातली विशिष्ट अडचण, स्वमग्नता, बौद्धिक वाढीतला उशीर, चिंता, उदासी. गोम अशी की यांतलं काही सापडलं म्हणजे एडीएचडी नाही असं होत नाही. पुष्कळ मुलांत दोन गोष्टी एकत्र असतात. वाचनाची अडचण सापडली, तिथेच थांबले आणि एडीएचडी राहून गेला, हे बऱ्याचदा होतं.

साखर खाल्ल्याने एडीएचडी होतो असं नियंत्रित प्रयोगांत दिसलेलं नाही. ऊसपट्ट्यात हा प्रश्न येतोच, म्हणून सांगितलं.

१४. मोबाइलवर तीन तास मान वर करत नाही. मग लक्ष कमी कसं?

लक्ष असतं, ते हवं तिथे वळवता आणि टिकवता येत नाही. गेममध्ये दर काही सेकंदांनी बक्षीस, रंग, आवाज मिळतो. पाढे लिहिताना मिळत नाही. त्यामुळे मोबाइलवरच्या एकाग्रतेवरून एडीएचडी आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही. फॉर्म भरताना कंटाळवाण्या पण गरजेच्या कामाचा विचार करा. मात्र रात्री अकरापर्यंत मोबाइल चालत असेल तर तो आधी तीन-चार आठवडे बंद करून, झोप ताळ्यावर आणून मग फॉर्म भरा.

१५. मुलगी अजिबात दंगा करत नाही. तरी बाई म्हणतात तपासा.

तपासा. फक्त लक्ष न टिकणारा प्रकार असतो आणि मुलींमध्ये तो जास्त निसटतो. खिडकीबाहेर बघत बसणारी, फळ्यावरचं अर्धंच उतरवणारी, पेपरात शेवटचे दोन प्रश्न सोडून येणारी मुलगी कुणाला त्रास देत नाही, म्हणून कुणी दखल घेत नाही. तिच्या फॉर्मवर १ ते ९ आणि १० ते १८ वेगवेगळे बघा (प्रश्न ५). सगळ्या १८ ची बेरीज केली तर ती निसटेल.

१६. मूल साडेतीन वर्षांचं आहे, एक मिनिट बसत नाही.

४ वर्षांच्या आधी हे निदान करू नये. ऐकणं, बोलणं, वाढीचे टप्पे तपासून घ्या. ४ ते ६ दरम्यान निदान झालंच तर आधी पालकांना वागणूक हाताळण्याचं प्रशिक्षण, औषध नंतर.

१७. एमपीएससीचा अभ्यास करतोय, अभ्यासिकेत लक्षच लागत नाही. सहा प्रश्नांत (प्रश्न ४) पाच खुणा आल्या.

एकच विचारा: हे चौथी-सातवीतही होतं का? आई किंवा मोठ्या बहिणीला, त्यांना कारण न सांगता, लहानपणी तू कसा होतास ते विचारा. जुनी प्रगतिपुस्तकं काढा, गुणांपेक्षा शेरे वाचा: 'हुशार पण लक्ष देत नाही', 'वही अपूर्ण'. तिथे काहीच नसेल आणि सगळं मागच्या दोन वर्षांत सुरू झालं असेल, तर चिंता, उदासी, कमी झोप किंवा नुसता दहा तासांचा अमानुष दिनक्रम हे कारण असण्याची शक्यता जास्त. रोज दहा तास खुर्चीत बसून वाचणं सर्वसामान्य माणसालाही जमत नाही, ते न जमणं हे लक्षण नव्हे. मित्राची गोळी 'अभ्यासासाठी' घेऊन बघू नका. जगणं नकोसं वाटण्याचे विचार येत असतील तर फॉर्म बाजूला ठेवा आणि टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर लगेच बोला.

१८. इकडे तपासणी कुठे होते? पुण्यालाच जावं लागतं का?

सुरुवातीला तरी नाही. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय म्हणजे आपलं सिव्हिल, सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, आणि मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. कराडच्या कृष्णा आणि सांगलीच्या भारती विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयंही आहेत. मुलासाठी बालरोग किंवा मनोविकार विभाग, मोठ्यांसाठी मनोविकार विभाग. ओपीडीचे वार आधी फोन करून विचारा.

२०१३ पासून चालणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळेत वर्षातून एकदा येतात. त्यांच्या तपासणी-यादीत एडीएचडी आणि अध्ययन अडचण दोन्ही आहेत. पथक येईल तेव्हा मुख्याध्यापकांना सांगून मुलाचं नाव पुढे करा. पुढची तपासणी जिल्हा पातळीवरच्या डीईआयसी (मुलांच्या लवकर तपासणी-उपचाराच्या) केंद्रात मोफत व्हावी अशी तरतूद आहे.

सोबत न्यायचं: दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं, दोन विषयांच्या चालू वह्या (नवीन कव्हर घालून नीट केलेल्या नव्हेत, आहेत तशा), शिक्षकांचा फॉर्म, १४ दिवसांची वही, कान-डोळ्यांचे रिपोर्ट. वीस मिनिटांत 'आहे' किंवा 'नाही' सांगून गोळी लिहिली गेली तर दुसरं मत घ्या.

१९. शाळेत बोटांचे ठसे घेऊन 'लक्ष किती टक्के' असा रिपोर्ट देतात, तो चालेल का?

नाही. बोटांच्या ठशांवरून लक्ष, बुद्धी किंवा एडीएचडी ठरवण्याला शास्त्रीय आधार नाही. डोळे बांधून वाचायला शिकवणाऱ्या 'मिडब्रेन'च्या शिबिरांचंही तेच. ते पैसे कानाच्या तपासणीला लावा.

२०. एडीएचडीचा कागद दाखवला की बोर्डाच्या परीक्षेत जास्त वेळ मिळतो का?

आपोआप मिळेल असं धरू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एडीएचडीचं वेगळं नाव नाही. विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता यांची आहेत. मुलाला एडीएचडीबरोबर अध्ययन अक्षमता असेल तर तिचं प्रमाणपत्र वेगळं घ्यावं लागतं, त्यासाठी बुद्ध्यांक आणि वाचन-लेखन-गणिताच्या वेगळ्या चाचण्या होतात, आणि त्या साधारण ८ वर्षांच्या वयानंतरच. दहावीच्या फेब्रुवारीत धावपळ करून उपयोग नाही. आठवीतच सुरुवात करा आणि कागद नववीत शाळेकडे द्या.

वर्गातल्या सोयींना मात्र प्रमाणपत्र लागत नाही. पहिल्या बाकावर जागा, मोठा प्रश्न तुकड्यांत देणं, फळा पुसायचं किंवा वह्या गोळा करायचं काम देऊन उठायची संधी, गृहपाठ वहीत लिहिला का यावर सुटताना एक नजर. यातलं काय चालतंय हे बाईंनी महिनाभर पाहून सांगितलं, तर पुढच्या फॉर्मइतकंच ते मोलाचं.

२१. औषध सुरू झालं. फॉर्म पुन्हा कधी भरायचा? आणि गोळी नेहमीच्या मेडिकलमध्ये मिळत का नाही?

दुसऱ्याचं आधी. मेथिलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध अनुसूची एक्स या कडक नियंत्रणाच्या सरकारी यादीत आहे. ते विकायला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदाराला दोन वर्षं जपावी लागते. म्हणून गावातला दुकानदार ठेवत नाही. गोळ्या संपायच्या आठ दिवस आधीच नव्या चिठ्ठीची सोय करा आणि ती ज्या दुकानात मिळते ते दुकान डॉक्टरांकडूनच विचारून घ्या. अ‍ॅटोमॉक्सेटिन या दुसऱ्या औषधाला ही अट नाही.

मेथिलफेनिडेटचा परिणाम त्याच दिवशी दिसतो, त्यामुळे मात्रा ठरताना एक-दोन आठवड्यांनी फॉर्म भरता येतो. अ‍ॅटोमॉक्सेटिनला चार ते सहा आठवडे द्या, त्याआधी भरलेल्या फॉर्मवरून 'गोळी लागू पडत नाही' असं ठरवू नका. फॉर्म पहिल्यांदा ज्याने भरला त्यानेच पुन्हा भरावा, आणि वर लिहावं: हे उत्तर औषध घेतलेल्या वेळेचं की न घेतलेल्या. सकाळची गोळी संध्याकाळपर्यंत उतरलेली असते, म्हणून बाई म्हणतात 'फरक आहे' आणि आई म्हणते 'काही नाही', आणि दोघींचंही बरोबर असतं. भूक, झोप, वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब यांची नोंद त्याच कागदावर ठेवा.

लक्षणांचे गुण उतरले पण प्रश्न ८ मधल्या वहीचा चौथा रकाना तसाच भरत असेल, तर मात्रा वाढवायला सांगण्याआधी ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. मागे पडलेलं वाचन, तुटलेले मित्र, दप्तर भरायची कधीच न लागलेली सवय यांना गोळी पुरत नाही, त्यांवर वेगळं काम करावं लागतं.